दर्याचा वाटा

प्रिय मीरा आणि चिन्मय,

तुमच्या आईने जानेवारीच्या पत्रात लिहिलं होतं की तिकडे बर्फ पडला की रस्त्यावर मीठ टाकतात. खाली चिन्मयने वाकड्या अक्षरात विचारलं होतं, "आजी, तुमच्याकडे मीठ कुठून येतं?" तुम्हा दोघांच्या अक्षराला वळण लागावं म्हणून माझ्या इंग्रजी अक्षराचा एक नमुनाही तुमच्या आईने मागितला होता. दोन्ही गोष्टी राहून गेल्या होत्या. एप्रिलमध्ये मी वसईला जाऊन आले. मिठाबद्दल आज लिहिते. नमुन्याबद्दल शेवटी.

पहिला दिवस : होळी

माझी धाकटी बहीण, जिला सगळे माई म्हणतात, वसई गावाजवळच्या होळी नावाच्या वस्तीत राहते. नाशिकहून निघून मी दुपारी वसई रोड स्टेशनवर उतरले आणि टांगा केला. आपल्याकडे एप्रिलमध्ये जमीन भाजून निघालेली असते. इथे टांगा वाडीच्या रस्त्याला लागला आणि अंगावर एकदम गारवा आला. दोन्ही बाजूंना केळी, मध्ये पानवेलींचे मांडव, आणि प्रत्येक वाडीत विहीर. पाटाचं पाणी रस्त्याच्या कडेने खळखळत होतं. टांगेवाल्याने एका वळणावर घोडा थांबवला, कारण एक बाई पाट ओलांडून भाजीची टोपली नेत होती. तिने जाता जाता त्याच्या मांडीवर दोन मुळे टाकले. ही इथली रीत असावी.

माईने तांदळाची भाकरी, केळफुलाची भाजी आणि शेवटी सुकेळी वाढली. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, ती सुकेळी. रंग काळपट, चव मधासारखी. तुमच्यासाठी पाठवली असती, पण पोस्टात मुंग्या लागतील.

माईचा मुलगा मोरेश्वर संध्याकाळी आला. वय पस्तीस. वाडी आहेच, शिवाय खाडीकाठचं एक मिठागर त्याच्या आजोबांपासून घराकडे आहे. तीन वर्षांपूर्वी त्याने बँकेचं कर्ज काढून दोन ट्रक घेतले. मुलगा कष्टाळू आहे, मोठ्यांचा मान ठेवणारा आहे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही त्याला वाईट ठरवणार नाही.

चहा झाल्यावर तो कागद आणि माझंच फाउंटन पेन घेऊन आला.

"मावशी, तुझं इंग्रजी चांगलं. एक दाखला लिहून दे. ड्रायव्हरला काढतोय, तो दाखला मागतोय. दाखल्याशिवाय दुसरा कोणी त्याच्या हातात गाडी देत नाही."

"काय लिहायचं?"

"सहा वर्षं कामाला आहे. आधी भाड्याच्या गाडीवर होता, मग माझ्या. माल दर खेपेला वजनात कमी भरतो. आणि उद्धट बोलतो. एवढंच."

मी लिहिलं. चाळीस वर्षं शाळेत दाखले लिहिण्यात गेली, त्यामुळे हात आपोआप चालतो. समास सोडला, ओळी सरळ ठेवल्या. 'उद्धट' या शब्दासाठी पहिला सुचलेला इंग्रजी शब्द मला सौम्य वाटला, म्हणून विचार करून एक अधिक नेमका, अधिक कडक शब्द घातला. मोरेश्वरने खाली सही केली आणि म्हणाला, "छापल्यासारखं अक्षर आहे तुझं." मला बरं वाटलं. त्या ड्रायव्हरचं नाव मी कागदावर लिहिलं, पण तो कोण, काय, हे विचारलं नाही.

दुसरा दिवस : मिठागर

मिठागर पाहायचं म्हणून सकाळी मी मोरेश्वरबरोबर निघाले. रेल्वेचं फाटक ओलांडून पूर्वेला गेलं की झाडं संपतात. मग सपाट, करडी जमीन आणि तिच्यावर चौकोनी वाफे, शाळेच्या वहीतल्या चौकटींसारखे. भरतीचं पाणी आधी मोठ्या खाचरात घेतात, तिथे ते तापतं, मग एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत नेतात. शेवटच्या वाफ्यात तळाशी मीठ धरतं. बायका आणि पुरुष गुडघ्याइतक्या खारट पाण्यात उभं राहून लांब दांड्याच्या फळीने ते ओढतात आणि टोपल्यांनी बांधावर रास घालतात. त्यांच्या पायांना भेगा असतात आणि भेगांत मीठ जातं. ऊन इतकं पांढरं होतं की मला डोळे उघडे ठेवता येईनात.

बांधाच्या टोकाला ट्रक उभा होता. गोणी भरून चढवणं चालू होतं. ट्रकजवळ खाकी शर्ट घातलेला, पन्नाशीचा एक काळासावळा माणूस टायरला हाताने थोपटून पाहत होता. मोरेश्वरने त्याला हाक मारली, "हिराजी."

कागदावर मी लिहिलेलं नाव ते हेच.

भांडण नवं नव्हतं हे मला दोन वाक्यांत कळलं. मिठागरावर गोणी मोजून ट्रकमध्ये चढतात. भिवंडीच्या वखारीत पुन्हा वजन होतं. तिथे जितकं कमी भरेल तितकं हिराजीच्या पगारातून कापलं जाई. गेल्या महिन्यात त्याने असा पगार घ्यायला नकार दिला होता.

"उद्याची शेवटची खेप," मोरेश्वर म्हणाला. "निदान ती तरी पुरी पोचव."

"भरून द्याल तेवरी पोचवीन, शेठ."

"प्रत्येक खेपेला कमी. मीठ काय चालत जातं?"

"चालत नाय, गलतं. पानी हाय त्यात. पयले रास आठ दिस निथलायची. आता तिसऱ्या दिसाला उचलता. ते पानी वाटेत जानार नाय त कुठं जाईल?"

"तीन पिढ्यांचं मिठागर आहे आमचं. मला मीठ शिकवतोस?"

"तुमच्या आज्याला ठावं व्हतं. माजा बाप त्यांच्या मिठाच्या मचव्यावर तांडेल व्हता, होरी तोच हाकायचा. शंभर टोपल्यांतल्या पाच टोपल्या दर्याच्या, असं तुमचा आजा सोताच्या तोंडानं बोलायचा. पाच टोपल्या कमी भरल्या त कोन विचारत नसे. दर्याचा वाटा."

"तो दर्या होता. हा रस्ता आहे. दर्या चोरत नाही. रस्त्यावर हात मारणारे असतात."

गोणी चढवणारे थांबले. बांधावरची एक म्हातारी डोक्यावरची टोपली न उतरवता म्हणाली, "शेठ, मिठाला पाय फुटले म्हनता, मग माजे पाय तरी कोनी चोरून न्या, लई दुखतान." दोघे तिघे हसले. हिराजी हसला नाही. त्याने डब्यातल्या पाण्याने हात धुतले, खूप वेळ धुतले, आणि मग विचारलं, "दाखला देनार व्हता तुमी."

मोरेश्वरने खिशातून घडी काढून दिली. हिराजीने ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, आणि ट्रकमध्ये चढून देवीच्या तसबिरीमागे नीट खोचली.

मी तीन पावलांवर उभी होते.

घरी परतताना मी मोरेश्वरला विचारलं, "मीठ खरंच तिसऱ्या दिवशी उचलतोस?"

"बँकेचा हप्ता आठ दिवस निथळायला थांबत नाही, मावशी. आणि भिवंडीचा व्यापारी कमी वजनाचे पैसे माझ्याकडून कापतो. मी कोणाकडून कापू?"

रात्री जेवणात वालाचं बिरडं होतं आणि माईने ते खास माझ्यासाठी केलं होतं. चव लक्षात राहिली नाही.

तिसरा दिवस : कामणमार्गे भिवंडी

नाशिकची एसटी भिवंडीवरून जाते. ट्रक तिकडेच जाणार होता, म्हणून मी म्हटलं, मी त्यातच पुढे बसून जाते. माई म्हणाली, "या वयात ट्रकमध्ये? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, लोक म्हणतील मिठाबरोबर म्हातारी गेली. खरं कारण मी तिला सांगितलं नाही. मिठातून पाणी खरंच किती गळतं, हे मला माझ्या डोळ्यांनी पाहायचं होतं.

ट्रकमध्ये चढणं सोपं नसतं. पायरी माझ्या कमरेइतकी उंच. चढताना एक चप्पल खाली चिखलात पडली आणि हिराजीने ती उचलून, पुसून, काही न बोलता माझ्या पायाशी ठेवली. मागे गोणींवर दोन हमाल बसले. इंजिनावरचं झाकण इतकं तापतं की लुगड्याचा काठ तिथे टेकू नये, हे मला काठ पिवळा पडल्यावर कळलं.

मिठागराच्या तोंडाशी मी खिडकीतून वाकून मागे पाहिलं. गोणींच्या तळातून, फळ्यांच्या फटींतून पाणी गळत होतं, धारेने नव्हे, पण न थांबता. मोठ्या रस्त्याला लागलो तेव्हा मला आणखी एक गोष्ट दिसली. डांबराच्या डाव्या बाजूला एक पांढरट रेघ गेलेली होती, पुढे दिसेल तिथवर.

"ती रेघ कसली?"

"आमचीच," हिराजी म्हणाला. "काल-परवाच्या गाड्यांची. पानी सुकतं, मीठ ऱ्हातं. पाऊस पडला का जाईल."

चिंचोटीपासून आत वळलं की डोंगर जवळ येतात. पळस फुलून गेलेला होता, करवंदं लागली होती. कामणला नदीच्या पुलावर हिराजीने गाडी अगदी हळू केली, खिडकीतून हात बाहेर काढला आणि मूठभर मीठ खाली पाण्यात टाकलं. पुडी त्याने आधीच जवळ ठेवली होती.

"बाप खाडी वलांडताना टाकायचा," तो म्हणाला. "मचवा बुडू नये म्हनून. आता खाडी नाय, ही नदी हाय. चालतं."

पुढे एका झोपडीवजा हॉटेलाशी चहाला थांबलो. पाव चहात बुडवून खाताना हिराजीने ट्रकमधून ती घडी आणली आणि माझ्यासमोर धरली.

"बाई, तुमी शिकलेल्या. हे इंग्लिश हाय. भिवंडीला एक ट्रान्सपोर्टवाला हाय, त्याला दाखवायचंय. त्याच्या आदी मना ठावं पायजे, शेठनी काय लिवलंय ते. वाचून सांगा."

मी कागद उघडला. अक्षर सुंदर होतं.

मी तुला खोटं सांगणार नाही, चिन्मय. क्षणभर मला वाटलं, काहीतरी चांगलं वाचून दाखवावं. 'सहा वर्षं उत्तम काम केलं.' त्याला कळलं नसतं. पण ट्रान्सपोर्टवाल्याला कळलं असतं. म्हणून मी एकेका ओळीचा अर्थ मराठीत सांगितला. माल कमी भरतो, हेही. त्या कडक शब्दाचा अर्थही.

तो ऐकत राहिला. मग मी म्हणाले, "आणि हे मी लिहिलंय. हे अक्षर माझं आहे."

हिराजीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसतं, नवा रस्ता पाहावा तसं.

"कवा लिवलंत?"

"परवा. आले त्याच दिवशी."

"तवा तुमी मना बघितलं बी नव्हतं."

"नाही."

त्याने उरलेला पाव हॉटेलच्या कुत्र्याला टाकला, चहाचे पैसे दिले, माझेही दिले, मला देऊ दिले नाहीत. मग त्याने गाडी सुरू केली.

वखारीत गोणी उतरवल्या, काट्यावर चढवल्या. मी काट्याशेजारी उभी राहिले. वजन कमी भरलं. गाडी वाटेत एकदाच थांबली होती, चहाला, आणि तेव्हा ती माझ्या डोळ्यांसमोर होती. दोन्ही हमाल गोणींवरून खाली उतरलेसुद्धा नव्हते, त्यांचा चहा वरच दिला होता. वखारीचा मुनीम म्हणाला, "नेहमीसारखंच," आणि लिहून टाकलं. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

मी मुनिमाकडून एक कोरा कागद मागितला आणि त्याच्या पेटीवर ठेवून लिहायला बसले. या वेळी मराठीत, कारण हिराजी मराठी चौथी शिकलेला होता. ट्रक किती वाजता निघाला, कुठे थांबला, पाणी कुठपासून गळत होतं, वखारीत काय झालं. शेवटी एक वाक्य लिहिलं: 'हा गृहस्थ अत्यंत प्रामाणिक आहे.' खाली माझं नाव आणि शाळेचं नाव.

हिराजीने कागद घेऊन बोट ठेवत ठेवत वाचला. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"हे काढा."

"का? खरं आहे ते."

"एका दिसात तुमाला काय ठावं, मी परामानिक हाय का नाय? परवा न बघता वाईट लिवलंत, आज न बघता चांगलं लिवताय. जे बघितलं तेवरंच लिवा."

मी ती ओळ खोडली. इतक्या वर्षांत माझ्या लिखाणात कोणी चूक काढली नव्हती, असं नाही. पण इतकी बरोबर चूक कोणी काढली नव्हती.

तो कागद घेऊन तो रस्त्यापलीकडच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेला. इंग्रजी दाखला त्याने नेला नाही. पाव तासात परत आला.

"काय म्हणाले?"

"बोलला, हे मास्तरीनबाईंचं हाय. गाडी मास्तरीनबाईंची व्हती का? मालकाचं आन. सोमवारपर्यंत जागा ठेवतो बोलला."

एसटीचा स्टँड तिथून दहा मिनिटांवर होता. मी पुन्हा ट्रकची ती कमरेइतकी पायरी चढले. दुसऱ्यांदा चप्पल पडली नाही.

"बाई, नाशिकची गाडी चुकंल," हिराजी म्हणाला.

"उद्याही असते."

पुन्हा होळी

दिवेलागणीला आम्ही वाडीत पोचलो. मला ट्रकमधून उतरताना पाहून माई हातातल्या निरांजनासकट दारात आली. हिराजी दाराबाहेर चाफ्याखाली उभा राहिला. आत या म्हटलं तरी आला नाही.

मी मोरेश्वरला सगळं सांगितलं, वेळेसकट. तो चिडला. "म्हणजे तू त्याच्या बाजूने बोलायला परत आलीस?"

"नाही. मी माझा दाखला परत घ्यायला आले. तो मी पाहून लिहिलेला नव्हता."

माई देवघरातून म्हणाली, "मामंजी म्हणायचे हे मी ऐकलंय, मोरू. शंभरातल्या पाच दर्याच्या."

"आई, तू यात पडू नकोस."

"पडत नाही. ऐकलेलं सांगते."

मी त्याच्यापुढे कोरा कागद आणि पेन ठेवलं. "आता तू लिही. मराठीत, तुझ्या अक्षरात. तू त्याला मीठ विकताना पाहिलंस?"

"नाही."

"कोणी पाहिलेलं तुला सांगितलं?"

"नाही. पण..."

"मग ते लिहू नकोस. जे पाहिलं तेवढंच लिही."

त्याने कागद जवळ ओढला. मग लिहू लागला. हिराजीने सहा वर्षं गाडी चालवली. एकही अपघात नाही. एकही खाडा न सांगता नाही. माल दर खेपेला कमी भरला. इथे तो थांबला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं, हे तर खरं आहे ना, असं विचारल्यासारखं. खरंच होतं. मी म्हणाले, "राहू दे ते. पण मीठ निथळलं किती दिवस होतं?"

बाहेर हिराजी खोकला. मोरेश्वरने पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता तो उठून जाईल. त्याच्या हप्त्याचं, व्यापाऱ्याचं सगळं ओझं त्याच्या तोंडावर मला दिसत होतं, आणि हा माझ्या बहिणीचा मुलगा, ज्याला मी पाढे शिकवले होते. मग त्याने पेन पुन्हा उचललं आणि त्याच ओळीच्या पुढे लिहिलं: 'मीठ तीन दिवस निथळलेलं होतं.' सही केली.

मिठाचा व्यवहार करणाऱ्या कोणालाही त्या पाच शब्दांत सगळं कळतं.

त्याने तो कागद स्वतः बाहेर नेऊन दिला. हिराजीने चाफ्याखाली कंदिलाच्या उजेडात तो वाचला, अक्षर अक्षर लावत, ओठ हलवत. 'तीन दिवस' पाशी पोचल्यावर त्याने तो दुसऱ्यांदा वाचला. या वेळी कपाळाला लावला नाही. घडी करून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला.

"थांबतोस का?" मोरेश्वरने विचारलं. आवाज खाली होता. "वजनाचं बघू आपण."

"नाय शेठ. चोर बोललात तवा समद्यांसमोर बोललात. आता इथं कोन हाय ऐकायला?"

तो शब्द मोरेश्वरने परत घेतला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. हे मी लिहून ठेवते, कारण हेही मी पाहिलं.

हिराजीने ट्रकची किल्ली उंबऱ्यावर ठेवली, हातात दिली नाही. मग मला म्हणाला, "बाई, हे तुमचं," आणि इंग्रजी दाखला माझ्यासमोर धरला. "माज्या घरात नको."

दुसऱ्या दिवशी मी रेल्वेने परत आले. गेल्या आठवड्यात माईचं पत्र आलं. हिराजी भिवंडीच्या ट्रान्सपोर्टमध्ये कापडाच्या गाठींची गाडी चालवतो. मोरेश्वरने नवा ड्रायव्हर ठेवलाय. रास आता पाच दिवस निथळू देतात, आठ नाही.

तर चिन्मय, मीठ असं येतं. तुझ्या दारातल्या बर्फावर ते टाकलेलं दिसेल तेव्हा ते कुठल्या तरी गाडीतून आलं असेल, आणि वाटेत थोडं कमीही झालं असेल.

आणि अक्षराचा नमुना. माझ्याकडे एक आहे, आजवरच्या माझ्या उत्तम अक्षरांपैकी. ओळी सरळ, समास बरोबर, एकही खाडाखोड नाही. तो मी पाठवत नाही. त्याऐवजी ही पानं पाठवते. यात खोडलेलं बरंच आहे.

तुमची,
आजी